ठासणीच्या पिस्तुलाचा खरा भाव

ये योगेंद्र, बस. लाइट गेलीये, थांब, कंदील तुझ्याकडे सरकवतो. आधी पाणी पी. सावद्याहून धुळ्यापर्यंत या उन्हात आलास, चेहरा बघ कसा झालाय. आणि आत येताना उंबऱ्यावर पाय नाही ना दिलास? नाही? बरं केलंस बाबा. आज अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. आज तिथे पाय द्यायचा नाही.

तू कशाला आलास ते मला ठाऊक आहे. वर्षभर फोनवर तेच दळण चाललंय तुझं. केळीच्या धंद्यात देवाने तुला हात भरून दिलं, घराच्या भिंतीवर तलवारी लागल्या, ढाली लागल्या, आता मधोमध ते ठासणीचं पिस्तूल हवं. माझी काही तक्रार नाही. तुझ्यासारख्या हौशी माणसांना जुन्या वस्तूंचे भाव सांगूनच हा रतिलाल जगला. पण ते पिस्तूल मी तुला देणार नाही. का नाही ते सांगतो. फक्त मधे बोलू नकोस. तुझी ती मधे बोलायची खोड मला मुळीच आवडत नाही.

गेल्या आखाजीची गोष्ट. सुनंदा जाऊन वर्षही झालं नव्हतं, तिची पहिलीच घागर होती. मी सकाळी उठून नवी घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, विस्तवावर घास टाकला आणि उंबऱ्यावर तिच्या नावाने कुंकवाचं बोट उमटवलं. आईवडिलांची बोटं भडगावला थोरल्या भावाच्या उंबऱ्यावर उमटतात. माझ्या उंबऱ्यावर तिचं एकटीचंच. ते लाल बोट बघितलं आणि घरात बसवेना. दर आखाजीला ही बाई बाजारातून लहान मुलींच्या हिरव्या बांगड्या आणायची. आम्हाला मूल नाही, तुला माहीतच आहे. गल्लीतल्या पोरींना भरायची, आणि एक जोड मागे ठेवायची. "कोणाकरता?" म्हटलं, तर म्हणायची, "असू द्या हो, येईल एखादी." तो शेवटचा जोड स्वयंपाकघराच्या फळीवर तसाच होता.

साक्रीच्या पुढच्या एका गावाहून वनाआबा म्हणून एक शेतकरी मला कधीपासून फोन करत होते. घरात जुनं पिस्तूल आहे, भाव सांगायला या. मी टाळत होतो. त्या दिवशी उठलो आणि सरळ एसटीत बसलो. कुठेतरी जायचं होतं, एवढंच.

पोचलो तेव्हा भर दुपार. आपल्या खानदेशातली दुपार म्हणजे रात्रीहून वाईट. रात्री निदान कुत्री भुंकतात. सकाळी झोक्यांवर ओरडणाऱ्या पोरी घरात गेलेल्या, झाडाखाली पत्ते कुटणारे बाप्ये तिथेच आडवे झालेले. वारा नाही. तापलेल्या मातीचा वास, आणि कुठल्यातरी घरातून येणारा जळक्या तुपाचा. माझ्या चपलांचा आवाज मलाच नकोसा वाटत होता.

वनाआबांचं घर साधं, सिमेंटचं, पुढे ओटा. ओट्यासमोर लिंबाचं झाड आणि त्याला झोका टांगलेला. आबा वाळकेसे, डोक्याला उपरणं. त्यांची बायको भिकुबाई दारात उभी होती. तिने मला पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. ती झोक्याकडे बघत होती.

पिस्तूल ओट्यावर उन्हातच ठेवलेलं होतं, लाल फडक्यात. बघ योगेंद्र, वस्तू उत्तम. कंपनी सरकारच्या काळातलं घोडेस्वाराचं पिस्तूल, आबांचा कोणी खापरपणजोबा रिसाल्यात होता त्याचं. अक्रोडाची मूठ, मुठीला खाली पितळी टोपी, नळीखाली बार ठासायचा गज जागच्या जागी. कागदपत्रंही आबांनी नीट जपलेली. मी माझ्या रिवाजाप्रमाणे आधी पिशवीतली बारीक काडी काढली. ठासणीचं हत्यार हातात आलं की आधी नळीत काडी घालायची. जिथे अडेल तिथे तोंडाशी खूण करायची, मग तीच काडी नळीच्या बाहेरून लावून बघायची. काडी तळापर्यंत पोचली असेल तर नळी रिकामी. आधीच अडली, तर आत बार आहे. माझ्या बापाने मला भाव करायला शिकवायच्या आधी हे शिकवलं.

काडी तळाला पोचली. नळी रिकामी होती.

आबा बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "भाऊ, एवढंच करायचं असतं का?"

"एवढंच," मी म्हणालो.

"एक काडी घालायची... बस?"

"बस. का हो?"

ते खाली बसले. मग सांगितलं. पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरात दसऱ्याला या पिस्तुलाची पूजा व्हायची. चिंच लावून घासायचं, तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. आजोबाने केलं, बापाने केलं, आबांनी केलं. आत कोणा पूर्वजाने ठासून ठेवलेला बार आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. देवाच्या वस्तूत काडी कोण घालतो? एका वर्षी पिस्तूल दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत देव्हाऱ्यातच राहिलं. त्यांची मुलगी रूपा, दुसरीत होती. फटाक्यांच्या टिकल्या आणल्या होत्या तिला. खेळण्यातल्या पिस्तुलाला लावतात तशी एक टिकली तिने या घोड्याखाली लावली, आणि...

"नळीत डोकावून बघत होती," आबा म्हणाले. "आत काय आहे म्हणून."

माझा हात त्या काडीवर होता. ती काडी मला फेकून द्यावीशी वाटली.

"कोर्टातून वस्तू परत आली," आबा म्हणाले, "पण पोर काही घरातून गेली नाही, भाऊ. दुपारची येते. घोडा ओढल्याचा आवाज होतो, टिक... टिक... आम्ही दोन वेळा विकलं. मालेगावच्या एकाने पडत्या भावात नेलं. आठवडा झाला नाही तर दारात ठेवून गेला, पैसेही मागितले नाहीत. म्हणाला, घरात लहान पोर रडतं, आई आई करतं. मग नाशिकच्या एका सायबाने दया येऊन दुप्पट दिले. तोही घेऊन आला. आमच्याकडे भगत म्हणतो, गेलेल्याचा जीव अडकलेली वस्तू फुकट देऊ नये, टाकू नये. कमी भावात दिली तर परत येते, जास्तीत दिली तरी परत येते. खऱ्या भावात गेली तरच गेली. मग जीवही तिच्याबरोबर या घरातून सुटतो. म्हणून तुम्हाला बोलावलं. भाऊ, खरा भाव सांगा. कमी नको, जास्ती नको. माझ्या लेकीला सुटू द्या."

अरे, जन्मभर मी भाव सांगितले. गिऱ्हाइकाला दोन हजार जास्त, विकणाऱ्याला दोन कमी, त्यातच आमचं पोट. त्या दिवशी पहिल्यांदा खरा भाव मागणारा भेटला.

आबा कागद आणायला आत गेले आणि मी पिस्तूल मुठीला धरून उचललं. नळी उन्हाने चटका बसेल इतकी तापली होती. मूठ मात्र... ओली होती. म्हणजे घामेजलेली. तीही सगळी नाही, खालचा थोडासा भाग. माझ्या हाताला तो पुरा पडला नसता. लहान हाताला पुरला असता. मी पिस्तूल पटकन खाली ठेवलं.

"ती आते धरीसन बठेल व्हती," भिकुबाई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. अगदी कानाशी कुजबुजली. "भाऊ, मनं ऐका. बठ्ठासन्या आंडेरी आखाजीले माहेरले येतस. मनी आंडेर, मनी रूपाबी येस. मी तिनी घागर भरी नही. घागर मरेलसनी भरतस. तुमी खरा भाव सांगशात ते ती चालनी जाई... कायमनी. भाव कमी सांगा. थोडासाच कमी. म्हणजे वापस यी ती. तुमना पाय पडस."

आणि ती खरोखरच वाकली रे. मी तिचे हात धरले. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, नुसती भीती होती, लेक दुसऱ्यांदा जाईल याची. मला माझ्या उंबऱ्यावरचं ते एक बोट आठवलं. सुनंदा दुपारची येऊन नुसतं टिक करून गेली असती, तरी मी कोणाला तिला सोडवू दिलं असतं का? सांग.

आबा कागद घेऊन आले. मी वस्तू उलटसुलट केली. माझ्या मनात भाव ठरलेला होता, ऐंशी हजार. नळीवरच्या कंपनीच्या खुणा चिंचेने घासून पुसट झाल्या होत्या ते धरूनच.

"सत्तर," मी म्हणालो.

"खरा भाव?" आबांनी विचारलं.

"खरा."

आबांनी डोळे मिटून हात जोडले. भिकुबाईने माझ्याकडे असं बघितलं, की मी ते कधी विसरणार नाही. कागदांचं रीतसर काय ते ठरलं, बॅंकेतून आबांच्या खात्यात पैसे गेले. तुझ्यासाठीच घेतोय असं तेव्हा मनात होतं. महिन्या-दोन महिन्यांत तूच परत आणून देशील आणि मी ते आबांच्या घरी पोचवीन, असा माझा हिशोब.

निघताना मागे वळून बघितलं. भिकुबाई लिंबाखाली उभी होती. झोक्याचा दोर तिने हाताने धरून थांबवला. वारा नव्हता हे मी तुला सांगितलंच. ती रिकाम्या फळीशी बोलत होती. "उतर आते. जाय भाऊसंगे. तरास देऊ नको त्यासले. आनि लवकर वापस ये, माय..."

साक्रीपासून धुळ्यापर्यंत शेजारची सीट रिकामी होती. गाडी भरलेली, तरी तिथे कोणी बसलं नाही.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसलो, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. पिस्तुलाचा घोडा नवा होता. म्हणजे जुनाट दिसत होता, पण घडण कंपनीची नव्हती, गावच्या लोहाराच्या हाताची होती. त्या ओट्यावर, त्या ओल्या मुठीपायी, माझ्या नजरेतून तो सुटला. मी आबांना फोन केला. ते म्हणाले, "हो भाऊ. कोर्टातून आलं तेव्हा मी ते धुण्याच्या दगडावर आपटलं. घोडा तुटला. मग साक्रीहून बनवून आणला. सांगायचं राहिलं. काही फरक पडतो का?"

घोडा नवा असेल तर असल्या वस्तूचे दहा हजार सहज उतरतात. ऐंशीतून दहा गेले की किती राहिले, योगेंद्र? सत्तर. मी खोटा म्हणून सांगितलेला भाव खरा निघाला. त्या माउलीची लेक मी कायमची काढून आणली होती.

"नाही आबा," मी म्हणालो, "काही फरक नाही पडत."

हो, मी तेव्हाच पिस्तूल घेऊन परत जायला हवं होतं. तू तोंड उघडायच्या आधी मीच सांगतो. त्यासाठीच तर उठलो होतो. चप्पल घातली, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. गुणगुणण्याचा. शब्द नव्हते, आखाजीच्या गाण्याची नुसती चाल. ती चाल मी लग्नापासून ऐकली होती. सुनंदा कोणाचे केस विंचरताना असंच गुणगुणायची. आणि मधे मधे काचेच्या बांगड्या वाजत होत्या, लहान हातातल्या. मी आत गेलो नाही. दाराशीच जमिनीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. फळीवरचा तो हिरवा जोड तिथे नव्हता.

मग मी गेलोच नाही. वर्षभर. दर दुपारी मी या इथे बसायचो, आत ते दोन आवाज. पोर कधी रडली नाही, आई आई केलं नाही. तुला सांगू? मी सुखात होतो रे. बायको मेल्यावर माणूस सुखात आहे असं म्हणायला लाज वाटते, पण होतो. आणि भिकुबाईचा फोन यायचा. "भाऊ, गिऱ्हाईकनी वापस आनं नही का अजून?" मी म्हणायचो, "नाही अक्का. आणेल." मग ती फोन न ठेवता तशीच थांबायची. मीही थांबायचो.

आज दुपारी तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना. म्हणाली, झोका बांधला, सकाळपासून जागचा हलला नाही. वर्षभर घरात टिकचा आवाज नाही. आबांनीही जेवण सोडलंय, तेच म्हणाले, घर खायला उठतं, आण परत. हातातल्या पाटल्या मोडल्यात. "मी इकत लेस, भाऊ. खऱ्या भावमा. मनी आंडेर माले दी टाका. खरा भाव सांगा... यंदा खरा सांगा."

खरा भाव सत्तर. मला पाठ होता. आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. आणि मी म्हणालो, "ऐंशी, अक्का."

मग म्हणाली, "मनाजोडे सत्तर हजार शेतस. दहा उभा करस मी. सकायले येस."

ऐंशीला, म्हणजे जास्तीत, वस्तू गेली तरी इथेच परत आली असती. पोर इथेच राहिली असती. मी हे समजून उमजून केलं, योगेंद्र. एका आईशी.

फोन ठेवला. स्वयंपाकघरातलं गुणगुणणं थांबलं होतं. असं मधेच, अर्ध्या चालीवर. वर्षात पहिल्यांदा या घरात काहीच आवाज नव्हता. मी सुनंदाला हाक मारली. तिला राग आला की ती अशीच गप्प व्हायची... मी खूप वेळ हाका मारल्या. मग आत गेलो.

ते बघ, तुझ्या उजव्या हाताला पाटावर आहे. हात लावू नकोस. पिस्तूल मी कपाटात कुलपात ठेवलं होतं, किल्ली माझ्या जानव्याला. ते बाहेर आलं होतं, लाल फडक्यात नीट गुंडाळून. फडक्यावर तो हिरव्या बांगड्यांचा जोड, थोडं कुंकू, आणि केळीच्या पानात सांजोऱ्या. आज मी सांजोऱ्या केल्या नाहीत. मला येतच नाहीत. लेक सासरी निघाली की तिची आई बांधून देते ना, तसं बांधलेलं सगळं. फक्त ही सासरी नाही, आईकडे निघालीये.

सुनंदाने तिला परत पाठवायचं ठरवलं. मी खोटं बोललो म्हणून तिने खरं केलं.

आता थांब. तू साक्षीला आहेस हे बरं झालं. मी फोन लावतो.

"...अक्का? रतिलाल बोलतोय. मी चुकलो. ऐंशी नाही, सत्तर. सत्तरच. खरा भाव... हो, अगदी खरा. दहा उभे करू नका... रडू नका अक्का. उद्या पहिल्या गाडीने या... काय?... हो. जेवली. सांजोऱ्या बांधून दिल्यात तिच्याबरोबर. आमच्या सुनंदाने."

ऐकलंस ना? विचारत होती, "ती जेवनी का?" माझ्या तोंडातून सुनंदाचं नाव गेलं.

बस, संपलं. उद्यापासून या घरात मी, आणि भिंती. त्या शांततेत कसा राहणार आहे कोण जाणे. मघाशी सुनंदाला रिकाम्या स्वयंपाकघरात हेच विचारलं. म्हटलं, तू तर तिला पाठवलंस, रागाने स्वतःही गेलीस, आता मी काय करू ते सांग. उत्तर कुठलं यायला.

हो, तो उंबरा. कंदील घे आणि माझ्याबरोबर ये. सकाळी मी कुंकवाचं बोट उमटवलं, सुनंदाचं. तू यायच्या जरा आधी बघितलं तर शेजारी दुसरं. अंधार पडला होता, मला वाटलं पोरीचं असेल, जाता जाता तिने उमटवलं असेल. कंदील खाली धर. अजून खाली.

...योगेंद्र, हे लहान बोट नाही रे.

थांब, माझं बोट शेजारी ठेवून बघतो. बघ. बरोबर एवढंच आहे. आणि कुंकू अजून ओलं आहे... मेलेल्या माणसाच्याच नावाने उमटवतात हे, आपल्याकडे.

घाबरू नकोस. मला तर बरं वाटतंय. तू नीघ आता, शेवटची गाडी चुकेल. जाताना तेवढं उंबऱ्यावर पाय देऊ नकोस.